काण्या सिंहाचे पाच दिवस

मी माझ्या वडिलांशी पाच दिवस बोलले नाही, आणि त्याच पाच दिवसांत माझी मशीनही माझ्याशी धड वागली नाही. दोन्हीचं मूळ एकच निघेल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. माझा स्वभावच तसा आहे. माय म्हणते, ही पोटात होती तेव्हापासून लाथा मारते.

मशीन म्हणजे टॅटूची. सुरतेत डिंडोलीला एका बिल्डिंगखाली ओळीने दुकानं आहेत. एका बाजूला मोबाईलची कव्हरं विकणारा, दुसऱ्या बाजूला फरसाणवाला, आणि मधल्या अरुंद गाळ्यात मी. खुर्ची, दिवा, हातमोज्यांचे खोके आणि भिंतीवर वाघ, मोर, त्रिशूळ, गुलाब. माझी मशीन जुन्या पद्धतीची, कॉइलची. पूर्वी दारावर विजेची घंटी असायची ना, तिच्या पोटात जे असतं तेच हिच्या पोटात असतं. कॉइलमध्ये वीज आली की लोखंडी पट्टी खाली ओढली जाते, ती खाली गेली की वीज तुटते, स्प्रिंग तिला वर फेकते, पुन्हा वीज जोडली जाते. हा सगळा खेळ एका स्क्रूच्या टोकावर चालतो, त्याला आम्ही कॉन्टॅक्ट म्हणतो. तिथे निळी ठिणगी उडत राहते आणि सुई वरखाली नाचते. सगळी मिळून पेरूएवढी वस्तू, पण नीट चालली की हातात भुंगा धरल्यासारखं वाटतं.

आबा, म्हणजे माझे वडील, तिला कधी मशीन म्हणाले नव्हते. ‘तुनं खेळणं’ म्हणायचे. खानदेशातून तरुणपणी इथे आले, आणि उभं आयुष्य लूमच्या कारखान्यात मास्टर म्हणून काढलं. लूम बिघडली की ज्याला हाका मारतात तो मास्टर. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. आता ते सगळ्यांशी ओरडून बोलतात आणि आम्ही त्यांच्याशी ओरडून बोलतो, त्यामुळे आमच्या घरी रोज भांडण चालतं असं नव्या शेजाऱ्यांना वाटतं. जुन्या शेजाऱ्यांना माहीत आहे की भांडण कधीकधीच असतं.

लूम बंद पडलेल्या दिवसांत मात्र घरात आवाज नसायचा. तेव्हा आबा जेवायला बसले की कोणी चकार शब्द काढायचा नाही, हा मायचा कायदा. मास्टरचं डोकं मशीनमध्ये अडकलेलं आहे, मध्ये बोललं की तार तुटते, असं ती म्हणायची. त्यांच्या ताटात भाकरीशेजारी गुळाचा खडा ठेवायची. तो खडा फक्त त्यांचा. आम्ही भावंडं त्याच्याकडे नुसती बघत बसायचो. मी एकदा हात घातला तर मायने तिथेच फटका दिला. “तू कोनती मशीन खोली शे?” म्हणाली. तू कुठली मशीन उघडून बसली आहेस? मी तेव्हा दुसरीत होते आणि मला राग आला होता. तो अजून थोडा शिल्लक आहे.

आता मूळ गोष्ट. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पाटावर नवं कापड, त्यावर आबांचे पाने, पक्कड, फणीतून धागा ओढायचा हूक, भावाचा टेस्टर, मायची मोठी कात्री. मायची शिलाई मशीन तिच्या कोपऱ्यातच असते, तिला तिथेच हार घालतात. मी आदल्या दिवशी दुकानातून माझी मशीन डब्यात घालून आणली होती. कोणाला बोलले नाही. सकाळी अंघोळ करून तो डबा उघडला आणि मशीन पाटाच्या कडेला ठेवली, कात्रीच्या शेजारी. आबा हळदकुंकवाची वाटी घेऊन आले. त्यांनी पाटाकडे पाहिलं, माझी मशीन उचलली, पुन्हा डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. मान हलवली, नाही म्हणून. आणि पक्कडीला कुंकू लावायला वाकले.

भावाच्या टेस्टरला जागा होती. ज्या टेस्टरने त्याने आयुष्यात फक्त एक बटण बदललं आणि तेही उलटं बसवलं, त्या टेस्टरला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझं काम आबांना आवडत नाही हे मला ठाऊक होतं. पण मला एवढंच हवं होतं की वर्षातून एक दिवस ते त्यांनी काम आहे असं धरावं. मी डबा घेऊन तडक दुकानात गेले, मशीन तिच्या जागी टेबलावर ठेवली, कुलूप लावलं, घरी येऊन किल्ली खिळ्याला अडकवली आणि दिवसभर मैत्रिणीकडे जाऊन बसले. सोनं द्यायलाही आले नाही. रात्री आले ती न बोलता झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर उंबऱ्यापाशी ओलं होतं आणि नारळाच्या शेंडीचे धागे पडले होते. मोबाईलवाल्याने नारळ फोडला असणार आणि कचरा माझ्याकडे ढकलला असणार. मी त्याला चार शब्द सुनावले. तो बिचारा काही न कळून “सॉरी, बेन” म्हणाला.

पहिलं गिऱ्हाईक कतारगामहून आलं होतं. हिरे घासणारा काठियावाडी माणूस, दंड माझ्या मांडीएवढा, आणि त्याला दंडावर सिंहाचं तोंड हवं होतं. नवी सीलबंद सुई लावली, मशीनवर प्लॅस्टिकची पिशवी चढवली, पायाने पेडल दाबलं. भुंग्याऐवजी म्हातारी खोकली. व्होल्ट वाढवले, तर एकदम उसळली. कमी केले, तर सुस्त. तशीच ओढाताण करत मी आयाळ केली, कपाळ केलं, डावा डोळा केला. आणि उजव्या डोळ्याची पहिली रेघ टेकवणार तेवढ्यात मशीन बंद.

पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. फुंकर मारली. टेबलावर थाप मारली. बाईला जे जे येतं ते सगळं करून झालं. हिरेवाला आरशात पाहत होता. सिंहाला एक डोळा होता आणि तो डोळा आमच्या दोघांकडे फार संशयाने बघत होता.

“उद्या या,” मी म्हणाले.

आता कोणी विचारेल, दुसरी मशीन नव्हती का? होती. पेनासारखी, मोटारीवर चालणारी. पण ती मी सावली भरायला वापरते. रेघेला माझा हात कॉइलवर बसलाय. दुसऱ्या मशीनने मी डोळ्याची रेघ ओढली असती तर सिंहाला रांजणवाडी झाली असती.

त्या दिवसापासून मी तपासणीला लागले. शिकवायला बसले तर मी मुलींना सांगेन की बिघाड शोधताना शांत डोक्याने एका टोकापासून सुरुवात करावी. मी रागाने मधूनच सुरुवात केली. आधी सॉकेट बदललं. मग एक्स्टेन्शन बदललं. मोबाईलवाला सकाळचं विसरून मदतीला आला आणि म्हणाला, अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे. त्याच्या मते फोन गरम होणं, नळाला पाणी नसणं आणि त्याच्या मेहुण्याचं लग्न न जमणं, सगळा अर्थिंगचाच प्रॉब्लेम असतो. मी कॉन्टॅक्टही बघितला, नाही असं नाही. स्क्रूच्या टोकाला लाल दिसलं. लाल शाई, म्हटलं. माझ्या दुकानात दिव्याच्या बटणापासून पंख्याच्या पात्यापर्यंत सगळीकडे लाल शाई आहे. स्पिरिटने टोक पुसलं, मशीन भुंग्यासारखी गायला लागली, मी आनंदाने हिरेवाल्याला फोन लावला, आणि रिंग वाजेपर्यंत ती पुन्हा खोकायला लागली.

दुपारी आबा डबा घेऊन आले. ते रोज येतात, निवृत्त झाल्यापासून तेच त्यांचं काम. प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसतात, मी जेवेपर्यंत टेबलाकडे बघत राहतात, रिकामा डबा घेऊन जातात. एरवी ते मला वरच्या मजल्यावरची बातमी ओरडून सांगतात आणि ती खालच्या रस्त्यापर्यंत पोहोचते. त्या दिवशी मी तोंड फिरवून बसले. अबोला म्हणजे अबोला. त्यांनीही शब्द काढला नाही. डबा उघडला तर वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि कोपऱ्यात गुळाचा खडा. मायचा टोमणा! पोरीचं डोकं तापलंय, गूळ खा आणि थंड हो, असं म्हणायचं होतं तिला. मी तो खडा तसाच परत पाठवला.

तिसऱ्या दिवशी पेडल खोललं. आत झेंडूची एक सुकलेली पाकळी निघाली. दारावरच्या तोरणातून पडली असेल आणि चपलेबरोबर आत आली असेल, म्हटलं. पाकळी टाकली, पत्रा घासला, पेडल जोडलं. काही फरक नाही. मग मशीनला वीज नेणारी वायर नवी आणली. काही फरक नाही. मग एका व्हिडिओत दाढीवाल्या गोऱ्याने सांगितलं तसं स्क्रू पाव फेरा आत, पाव फेरा बाहेर केला. मशीन दोन मिनिटं सुरेख चालायची आणि बसायची. पुसलं की चालायची, फिरवला की बसायची. जणू मी हात लावते म्हणूनच ती रुसत होती. त्या दुपारीही डबा आला, त्यात शेवभाजी आणि पुन्हा गूळ. आबा पुन्हा गप्प.

संध्याकाळी हिरेवाल्याचा फोन. “बेन, मारो सिंह काणो फरे छे!” कारखान्यातले लोक त्याला बघून एक डोळा मिटत होते. त्याने दंडाला रुमाल बांधला तर लोक विचारायला लागले, कोणी मारलं?

चौथ्या दिवशी मी रडकुंडीला आले. स्प्रिंग बदलली, रबर बदललं, वीज कमीजास्त करणारा पॉवर बॉक्सही बदलायचं ठरवलं. बाजारातला दुकानदार बॉक्स गुंडाळतच होता, तेवढ्यात मला सुचलं, आणि सुचलं ते इतकं साधं होतं की मला स्वतःच्याच तोंडात मारावंसं वाटलं. नवा बॉक्स न घेताच दुकानात परत येऊन मी माझ्या जुन्याच बॉक्सला, त्याच पेडलवर, पेनवाली मशीन लावली. ती तासभर अखंड चालली. म्हणजे वीज ठीक, बॉक्स ठीक, पेडल ठीक. जो तपास पहिल्या पाच मिनिटांत करायचा तो मी चौथ्या दिवशी केला. मधल्या काळात एक नवी वायर, एक नवं एक्स्टेन्शन आणि मोबाईलवाल्याचे दोन उसासे माझ्या पदरात पडले होते. दोष कॉइलच्या मशीनमध्येच होता, आणि तिच्यात मला काही सापडत नव्हतं.

पाचव्या दिवशी हिरेवाला न सांगता आला. रुमाल काढून खुर्चीत बसला आणि म्हणाला, डोळा झाल्याशिवाय उठणार नाही. मी मशीन उघडून टेबलावर ठेवली होती आणि तिच्याकडे बघत बसले होते. तेवढ्यात आबा डबा घेऊन आले.

त्यांनी डबा खाली ठेवला. सिंहाकडे पाहिलं. मशीनकडे पाहिलं. मग स्टूल ओढून टेबलापाशी बसले आणि बोटाने मला पेडलकडे खूण केली. मी पेडल दाबलं. आबांनी मशीनच्या चौकटीवर दोन बोटं टेकवली आणि डोळे मिटले.

हे मी लहानपणी पाहिलं होतं. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, एवढा आवाज असतो की चांगल्या कानांचाही उपयोग नसतो. मास्टर लूमवर तळवा ठेवतो, आणि कुठल्या भागात धक्का चुकतोय ते हातालाच कळतं. आबांचे कान गेले तरी त्यामुळे त्यांचं काम अडलं नव्हतं. कानांची गरज त्यांना फक्त घरी पडायची.

बोटांखाली मशीन थरथरली, अडखळली, थांबली. आबांनी डोळे उघडले.

“वीज येस,” ते ओरडले. “येस, आनि दारमाच अडकी जास. आठे.” वीज येते आणि दारातच अडकते, इथे. त्यांनी नखाने स्क्रूचं टोक दाखवलं.

“ते मी दहादा पुसलंय!” अबोल्याच्या पाचव्या दिवशी माझा पहिला शब्द हा निघाला, तोही ओरडून.

त्यांनी स्क्रू पूर्ण बाहेर काढला. मी तो कधी पूर्ण काढला नव्हता, नुसता फिरवत होते. त्याच्या आट्यांमध्ये लाल भरलेलं होतं. हिरेवाल्याने हात पुढे केला, खिशातून ते हिरे बघायचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं, आणि स्क्रू उजेडात धरून अशा गांभीर्याने फिरवला की आता तो त्याचे पैलू सांगेल असं मला वाटलं.

“आ शाही नथी, बेन,” तो म्हणाला. “आ तो कंकु छे. अंदर हळदर पण छे.”

मग आबांनी पट्टीखालून नखाने काहीतरी टोकरलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. तांदळाचा अर्धा दाणा. अक्षत.

मी आबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव असेल असं वाटलं होतं. तिथे चक्क अभिमान होता.

“कुंकू मीच लायेल शे,” ते म्हणाले. “दसराना दिवस. संध्याकाळले.”

मग सगळं एकेक करून माझ्या डोक्यात बसत गेलं. उंबऱ्यावरचं पाणी. नारळाची शेंडी. पेडलमधली पाकळी. मोबाईलवाल्याला दिलेल्या शिव्या. मी मैत्रिणीकडे फुगून बसले होते तेव्हा या माणसाने खिळ्यावरची किल्ली घेतली, पूजेचं ताट घेऊन अर्धा कोस चालत आला, आणि माझ्या गाळ्यात एकट्याने साग्रसंगीत पूजा केली. मला स्वच्छतेचं वेड आहे हे माहीत असल्यामुळे नंतर सगळं पुसूनही ठेवलं, इतकं नीट की मला चौकटीवर एक डाग दिसला नाही. राहिलं ते आट्यांमधलं. मी स्क्रू फिरवला की तेच कुंकू थोडंथोडं टोकाशी उतरायचं. चार दिवस मी बिघाड दुरुस्त करत नव्हते, नव्याने भरत होते.

“पण कॉन्टॅक्टला कशाला लावलं?” मी ओरडले. “टेबलाला लावायचं, बॉक्सला लावायचं!”

“जठून जीव येस, तठेच लावतस,” आबा म्हणाले, लहान मुलाला समजवावं तसं. ते रोज दुपारी स्टुलावर बसून माझ्या टेबलाकडे बघायचे ते मला वाटायचं की वेळ घालवायला. निळी ठिणगी कुठे उडते ते त्यांनी नेमकं बघून ठेवलं होतं.

“आणि मग घरी पाटावरून का उचलली?” माझा आवाज चिरकला. ते लपवायला मी आणखी जोरात ओरडले, तर फरसाणवाला डोकावून गेला. “भावाचा टेस्टर चालतो, माझी मशीन चालत नाही?”

आबांना प्रश्नच कळला नाही. म्हणजे ऐकू आला, पण कळला नाही. त्यांनी हिरेवाल्याकडे पाहिलं, हिला एवढंही माहीत नाही का अशा नजरेने.

“टेस्टर हत्यार शे. हाई मशीन शे,” ते म्हणाले. “मशीन जागावरनं हालवतस नही. तिनी पूजा तिना जागावरच ऱ्हास.”

मायची शिलाई मशीन कोपऱ्यातच राहते आणि तिला तिथेच हार घालतात, हे मी जन्मापासून बघत आले आहे. लूमचीही पूजा खात्यात जाऊनच व्हायची. आणि मी माझी मशीन डब्यात घालून, कात्री-पक्कडीच्या पंक्तीला बसवायला नेली होती. मला इतकी लाज वाटली की काय करावं सुचेना. तेव्हा मी स्पिरिट घेतलं आणि स्क्रूच्या आट्या घासायला बसले.

दहा मिनिटांत मशीन जोडली. हातमोजे बदलले, नवी सुई लावली, पेडल दाबलं. भुंगा. आबांनी लांबूनच मान हलवली. त्यांना ऐकू आलं नव्हतं, टेबल थरथरताना दिसलं असेल. सिंहाचा उजवा डोळा एका दमात झाला, आणि कारखान्यात आता दोन्ही डोळ्यांनी बघून घेतो असं म्हणत हिरेवाला रुमाल फिरवत निघून गेला.

मग मी हात धुतले आणि आबांसमोर बसले. माफी मागायची मला सवय नाही. बहिऱ्या माणसाची माफी मागायची तर ती सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाते, ही आणखी एक अडचण.

“आबा, मी पाच दिवस तुमच्याशी बोलत नव्हते!” मी ओरडले.

“कधी?” आबांनी विचारलं.

“हे पाच दिवस! रागावले होते मी!”

ते विचारात पडले. मग त्यांनी डबा उघडला, भाकरी काढून माझ्यापुढे ठेवली आणि तिच्या शेजारी गुळाचा खडा ठेवला.

“माले वाटनं, मशीन बंद शे, पोर कामात शे,” ते म्हणाले. “म्हनीसनी मी बी बोलनू नही. तुन्ही मायले मीच सांगं, गूळ ठेवत जाय.”

मी तो खडा तोंडात टाकला. मग भाकरी मोडून जेवायला लागले, आणि आबा माझं खाऊन होईपर्यंत गप्प बसून राहिले.